चढाई तीस सेकंदांची, सौदा आयुष्याचा

‘बाजाराने कबड्डीला न्याय दिला’ हे विधान अलीकडे इतक्या आत्मविश्वासाने केले जाते की त्याला उत्तर देणारा माणूस एकतर मत्सरी ठरतो किंवा कालबाह्य. बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावरून आमदार ते म्हणतात, वृत्तपत्रांचे क्रीडापान ते म्हणते, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या चळवळीत वाढलेले तरुण कार्यकर्तेही ते म्हणू लागले आहेत. पुरावा म्हणून आमच्याच जिल्ह्यातले एक नाव पुढे केले जाते. जिल्ह्याच्या एका टोकाला आमचे मलकापूर, तर दुसऱ्या टोकाला चंदगड. त्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या शेतकरी घरात वाढलेल्या सिद्धार्थ देसाई या चढाईपटूला २०१९ साली प्रो कबड्डीच्या लिलावात तेलुगू टायटन्स संघाने १ कोटी ४५ लाख रुपयांना घेतले. त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली होती. मातीत खेळणारा मुलगा कोट्यधीश झाला, तेव्हा आता समाजवाद्यांनी गप्प बसावे, असा या युक्तिवादाचा मथितार्थ आहे.

गप्प बसण्याचे कारण मला दिसत नाही. हे उदाहरण देणारे लोक ते अर्ध्यावर सोडतात, एवढाच त्यांचा दोष आहे. आपण ते पुढे वाचू.

देसाई प्रथम २०१८ साली, पंचविशी ओलांडल्यानंतर, या लीगमध्ये आले. तेव्हा यू मुंबा संघाने त्यांच्यासाठी ३६ लाख ४० हजार रुपये मोजले. त्या एका मोसमात त्यांनी चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी किंमत चौपट झाली. त्याही मोसमात त्यांनी दोनशेचा आकडा ओलांडला. २०२१ साली त्याच संघाने १ कोटी ३० लाखांना त्यांना परत घेतले, आणि बंगळुरूमध्ये भरलेल्या त्या मोसमाच्या सुरुवातीलाच खांद्याला दुखापत झाली. पुढच्या लिलावात, म्हणजे २०२२ साली, त्यांची किंमत होती २० लाख. २०२३ साली हरियाणा स्टीलर्सने १ कोटी दिले. २०२४ साली दबंग दिल्लीने २६ लाख. छत्तीस, एकशे पंचेचाळीस, एकशे तीस, वीस, शंभर, सव्वीस! सहा वर्षांतला हा आलेख एखाद्या वायदेबाजारातल्या मालाचा असावा असा आहे. वायदेबाजारातही कांद्याचा भाव असा कोसळला की आपण मोर्चा काढतो.

कोणी म्हणेल, वीस लाख ही काही थोडी रक्कम नव्हे. शाहूवाडी तालुक्यातल्या शेतमजुराने आयुष्यभर राबूनही ती पाहिलेली नसते. मला हे पूर्ण मान्य आहे. देसाई यांच्याबद्दल कीव करावी अशी परिस्थिती नाही आणि त्यांनी ती मागितलेलीही नाही; जे मिळवले ते अंगच्या गुणाने मिळवले. प्रश्न रकमेचा नाही. प्रश्न असा की, एका वर्षी १ कोटी ३० लाखांचा असलेला माणूस दुसऱ्या वर्षी २० लाखांचा होतो, तेव्हा मधल्या काळात नेमके काय घडलेले असते? त्याचे कौशल्य सहा सप्तमांशाने कमी झालेले नसते. कामावर असताना त्याचा खांदा दुखावलेला असतो. कारखान्यात यंत्रात हात सापडला तर त्या हाताची जबाबदारी मालकावर टाकणारा कायदा या देशात १९२३ पासून आहे. तो इंग्रजांनी केलेला आहे, कोणा समाजवाद्याने नव्हे. येथे मात्र कामावर झालेल्या इजेची किंमत इजा झालेल्या माणसाच्याच पुढच्या मजुरीतून वसूल होते, आणि या वसुलीला ‘बाजारभाव’ असे सभ्य नाव आहे.

हा काही एका खेळाडूचा दैवयोग नव्हे. २०२२ साली पवन सेहरावत यांना तमिळ थलैवाज संघाने २ कोटी २६ लाखांना घेतले, तो तोपर्यंतचा उच्चांक होता. पहिल्याच सामन्यात, पहिल्या काही मिनिटांत गुडघा गेला आणि संपूर्ण मोसम बाहेर बसून काढावा लागला. ते पुन्हा उभे राहिले, २०२३ साली २ कोटी ६० लाखांच्या वर गेले. ज्याचा गुडघा बरा होतो त्याची कथा वृत्तपत्रात येते. परदीप नरवाल यांनी या लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवले आहेत, अठराशेहून अधिक. २०२१ साली त्यांच्यासाठी १ कोटी ६५ लाखांची बोली लागली होती. २०२४ साली ७० लाख. २०२५ च्या लिलावात त्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा बारापैकी एकाही संघाने हात वर केला नाही, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. अठ्ठाविसाव्या वर्षी आमच्याकडचा शिक्षक सेवेत कायम होण्याची वाट पाहत असतो.

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात जुने व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. बैलाच्या समोर त्याची किंमत ओरडू नये, एवढा संकोच त्या व्यवहारात होता. माणसांच्या लिलावात तो उरलेला नाही. तेथे हातोडा पडतो, दिवे लखलखतात आणि विकला गेलेला तरुण कॅमेऱ्यासमोर आनंदाने टाळ्या वाजवतो. (आमच्या घरातली मुलेही तो सोहळा मोठ्या उत्सुकतेने पाहतात, मी दोष मुलांना देत नाही.) परंतु ओशाळेपणा हा भावनेचा भाग झाला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहायचे ते हे की या बाजारात विक्रेता कोण आहे. बैल विकणारा शेतकरी भाव पटला नाही तर बैल घरी नेऊ शकतो. लिलावातल्या खेळाडूला ‘मला हा संघ नको’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. एवढेच नव्हे, अंतिम बोलीची बरोबरी करून जुना संघ त्याला परत ओढून घेऊ शकतो, असा नियम आहे. सर्व खरेदीदार एका छत्राखाली, सर्वांची खर्चाची मर्यादा आधीच संगनमताने ठरलेली, आणि विकणारे मात्र सुटे सुटे. एकच दुकान असले की ग्राहक नाडला जातो हे सर्वांना समजते. एकच गिऱ्हाईक असले की विकणारा नाडला जातो, हे तितक्या चटकन ध्यानात येत नाही. माझ्या तीन तपांच्या अध्यापनात हा धडा शिकवण्यासाठी मला उसाच्या झोनबंदीचे उदाहरण घ्यावे लागे. आता कबड्डीचे घेता येईल.

जरा हिशेब करू. या लीगची मूळ कल्पना आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीची. २०१४ साली पहिला मोसम झाला, तेव्हा सर्वांत महागड्या खेळाडूची किंमत होती १२ लाख ८० हजार. २०१५ साली स्टार इंडियाने या कंपनीचा ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे सामने भरवणारा आणि ते दाखवणारा एकच. २०२१ साली पाच मोसमांचे प्रक्षेपण हक्क विकले गेले ते ९०८ कोटी रुपयांना, आणि घेणारी कंपनी पुन्हा स्टारच! मोसमाला सुमारे १८१ कोटी झाले. आता दुसरी बाजू. २०२३ साली प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्याची मर्यादा वाढवून ५ कोटी करण्यात आली. संघ बारा. सगळ्यांनी शेवटचा रुपयाही खर्च केला तरी खेळणाऱ्यांच्या हाती जास्तीत जास्त ६० कोटी. केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी तुलना केली तरी हा वाटा एक तृतीयांशाच्या आत राहतो. पुरस्कर्त्यांच्या जाहिराती आणि तिकिटे मी धरलेलीच नाहीत. सभागृहाचे भाडे, प्रवास, प्रक्षेपणाची यंत्रणा हे खर्च असतात, ते कोणी नाकारत नाही. परंतु ते खर्च भागवल्यावर काय उरले याचा ताळेबंद पाहण्याचा अधिकार ज्यांच्या खांद्यांवर हा डोलारा उभा आहे त्यांना आहे काय? सामुदायिक करार नावाची गोष्ट या लीगमध्ये अस्तित्वात नाही. बोनस देताना आमच्या कारखान्याचा संचालकही कामगारांना ताळेबंद दाखवतो, निदान दाखवल्यासारखे करतो.

या ठिकाणी ‘अमेरिकेत तर खेळाडू याहून श्रीमंत आहेत, तेथे पूर्ण भांडवलशाही आहे’ असा आक्षेप हमखास येतो. तो घेणाऱ्यांनी अमेरिकेचा इतिहास वाचावा. त्या देशात ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ बहुतांशी हाताने खेळतात; आमच्या कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉलवर जीव टाकणाऱ्यांना हे सांगितले तर ते हसतील. त्या खेळातला क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो, सर्वांत मोठा पगार त्याचा आणि सर्वांत जोराचे आघातही त्याच्यावर. १९८७ च्या सप्टेंबरात तेथील खेळाडूंच्या संघटनेने संप पुकारला. मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती. करार संपल्यावर आपल्या पसंतीच्या संघाकडे जाण्याचे स्वातंत्र्य द्या, ही होती. आपल्याकडच्या लिलावाच्या संदर्भात वाचकांनी ही मागणी ध्यानात ठेवावी.

मालकांनी काय केले? एक आठवडा सामने रद्द केले आणि मग रस्त्यावरून माणसे गोळा केली. संघांनी पूर्वी नाकारलेले, हौशी संघात खेळणारे, दुसरे काम करून पोट भरणारे असे शेकडो तरुण मूळ खेळाडूंच्या गणवेशात उभे केले, आणि दूरचित्रवाणी कंपन्यांनी ते सामने जसेच्या तसे दाखवले. त्यांत वॉशिंग्टनच्या संघाचा एड रुबर्ट नावाचा क्वार्टरबॅक होता. तीन सामने तो खेळला, तिन्ही त्याच्या संघाने जिंकले, आणि तिसऱ्या सामन्यात तो जखमी झाला. त्याच्या जागी टोनी रॉबिन्सन उतरला. हा काही वर्षांपूर्वी टेनेसी विद्यापीठाचा गाजलेला खेळाडू. गुडघ्याची दुखापत झाली, मागोमाग अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. मालकांना माणूस हवा होता म्हणून त्याला शिक्षा भोगत असतानाच रजेवर सोडून आणले गेले. १९ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री त्याने डॅलसविरुद्ध १३-७ असा विजय मिळवून दिला. रुबर्टची त्या लीगमधली सारी कारकीर्द तीन सामन्यांची, रॉबिन्सनची एका रात्रीची. त्यानंतर दोघेही तेथे कधी दिसले नाहीत. त्याहून बोलकी गोष्ट अशी की त्या रात्री संप चालूही नव्हता. खेळाडूंनी चार दिवस आधीच तो मागे घेतला होता. परंतु ठरलेल्या मुदतीनंतर परत आलात म्हणून मालकांनी त्या आठवड्यात त्यांना मैदानात येऊ दिले नाही. टाळेबंदी म्हणतात ती हीच.

पुढे हॉलीवूडने या प्रकारावर विनोदी चित्रपट काढला. वॉशिंग्टनच्या संघाने त्याच मोसमाचे अजिंक्यपद जिंकले, आणि ज्यांनी तीन विजय मिळवून दिले होते त्या बदली माणसांना विजेत्यांची अंगठी मिळाली ती २०१८ साली, एकतीस वर्षांनी.

‘बदली’ हा शब्द मी हेतुतः वापरला. आमच्या शाहूवाडी-पन्हाळा भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तेव्हा ‘बदली कामगार’ म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. फाटकाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत जायचे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा कायम कामगारांच्या खांद्याला खांदा लावून हे बदली उभे राहिले, कारण बदलीला कायम करा ही त्या संपातली मोठी मागणी होती. त्यामुळे रुबर्ट आणि रॉबिन्सन यांना संपफोडे म्हणून शिव्या घालून मोकळे होणे मला रुचत नाही. संपाच्या शिस्तीच्या दृष्टीने ते चुकले, यात शंका नाही. परंतु एका रात्रीच्या कामासाठी तुरुंगातून आणलेला माणूस हा मालकवर्गाचा मित्र नव्हे. तो त्याच यंत्राचा सर्वांत स्वस्त सुटा भाग आहे.

संप हरला. तरी संघटना संपली नाही. त्यांनी न्यायालयाची वाट धरली, १९९२ साली मिनिॲपोलिसच्या ज्यूरीने मालकांचे निर्बंध बेकायदा ठरवले, आणि १९९३ च्या करारात संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. २०२० च्या सामुदायिक करारानुसार लीगच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंचा आहे. वर ज्या श्रीमंतीचा दाखला दिला जातो ती बाजाराच्या कृपेने आलेली नाही, संघटनेने भांडून घेतलेली आहे. आणि इतके होऊनही तेथील खेळाडूची सरासरी कारकीर्द किती? खेळाडूंची संघटना सांगते, तीन वर्षांच्या थोडी पुढे. मालक म्हणतात, सहा. दोघांचेही गणित बरोबर आहे! मालक मोजतात ते मोसमाच्या पहिल्या दिवशी संघात टिकलेल्यांना. संघटना मोजते ती आत आलेल्या प्रत्येकाला. ज्यांना चाळणीतून आधीच गाळून टाकले ते सरासरीत धरायचेच नाहीत, म्हणजे चाळणी निर्दोष दिसते. सांख्यिकीची ही जुनी युक्ती आहे. आपल्याकडच्या बेकारीच्या आकड्यांतही ती आढळते. त्या लीगचे निवृत्तिवेतन मिळण्यास तीन मोसमांची सेवा लागते. रॉबिन्सनची एक रात्र त्यात बसत नाही.

आता आपल्या घरचा इतिहास. प्रो कबड्डीच्या आधी हा खेळ अंधारात चाचपडत होता असे जे चित्र रंगवले जाते ते अज्ञानाचे आहे. १९३६ साली बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्यांनी नियम, संघटना आणि स्पर्धा उभ्या करण्यात जन्म घालवला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ आला. हे सारे कोणाच्या आधारावर? गिरणगावातल्या मंडळांच्या आणि गिरण्यांच्या संघांच्या, नंतर रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, पेट्रोलियम कंपन्या यांच्या. त्या व्यवस्थेत खेळाडूला कोटी मिळत नसत. त्याला नोकरी मिळत असे. तिशीत गुडघे गेले तरी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत पगार, आजारपणात दवाखाना आणि अखेर फंड, निवृत्तिवेतन. आखूड कारकिर्दीचे दुःख दीर्घ नोकरीने भरून काढणारी ती योजना होती, आणि तिचा खर्च सार्वजनिक क्षेत्र उचलत असे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा सर्वांनी त्यांच्या एकाग्रतेचे कौतुक केले. २०१५ पासून मध्य रेल्वेच्या तिकीट तपासनिसाचा पगार त्या एकाग्रतेच्या मागे उभा होता, हे थोड्यांनी सांगितले. एअर इंडिया २०२२ साली टाटांकडे गेली. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. राज्याच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे निघाली, आणि जेथे भरतीच कंत्राटी तेथे आरक्षण कशात मागायचे? जुना आधार काढून घेतला आणि मग लिलावाचा मंच उभारून म्हटले, बघा, न्याय दिला.

जुन्याचे गोडवे गाण्याचाही माझा हेतू नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले, तालमींना आश्रय दिला, पैलवानाच्या खुराकाची चिंता संस्थानाने वाहिली. ते मोठेपण निर्विवाद आहे. पण आश्रय म्हणजे हक्क नव्हे. संस्थान गेले तेव्हा ही गोष्ट किती खरी आहे ते दिसले. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांची मदत होती. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तेव्हा लोकवर्गणी काढावी लागली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. आम्हा प्राध्यापक मंडळींना ही कथा फार प्रिय आहे. निरोप समारंभाच्या प्रत्येक भाषणात ती येते. मला ती ऐकताना दर वेळी संताप येतो. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका मास्तराच्या घराच्या तारणावर मिळावे, हा त्या मास्तराचा गौरव असेल, राज्यकर्त्यांना मात्र तो डाग आहे. पदक घेऊन आल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांना पोलीस खात्यात नोकरी मिळाली ती १९५५ साली. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड तपाने. अंगठीला लागलेल्या एकतीस वर्षांशी ही तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही.

आपल्यातले काही ज्येष्ठ साथी म्हणतात, हा सगळा सर्कशीचा खेळ आहे, श्रमिकांच्या प्रश्नांत त्याला जागा देऊ नये. ज्यांच्यावर लाखांची बोली लागते त्यांची कसली संघटना बांधता? ही भूमिका मला दुरभिमानाची वाटते. बारा संघ, प्रत्येकात फार तर पंचवीस खेळाडू, म्हणजे संपूर्ण देशातून तीनशे. मलकापूरपासून आंब्यापर्यंतच्या वाड्यांत आज संध्याकाळी जी मुले मैदान आखून दम धरतात ती या तीनशेंत येण्याच्या आशेने धरतात, आणि त्यांतली जवळजवळ सर्व येणार नाहीत. त्यांच्यासाठी लीग नाही, पण तिची सावली मात्र गावोगाव पोहोचली आहे. हिवाळ्यात दर आठवड्याला कोणा ना कोणाचा चषक असतो. बक्षीस लाखाच्या घरात, समोर नेत्यांची रांग, आणि खेळाडू रात्री एका गावात तर दुसऱ्या रात्री दुसऱ्या. माझ्या वर्गात बसलेला एक मुलगा अशाच एका स्पर्धेत पायावर पडला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. आयोजकांनी पहिल्या दिवशीची मलमपट्टी केली, व्यासपीठावरून त्याच्या जिद्दीचे कौतुक केले, आणि पुढच्या चढाईची शिट्टी वाजली. शस्त्रक्रियेसाठी बापाने म्हैस विकली. मुलगा आज ट्रॅक्टर चालवतो, चढ उतरताना लंगडतो. त्याच्यावर कधीही कोणतीही बोली लागली नव्हती. तो सर्कशीतला नव्हता, साथींनो, तो आपल्या शाखेच्या मोर्चात घोषणा देणारा होता.

कायद्याकडे पाहिले तर पोकळी अधिकच जाणवते. चार श्रमसंहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आल्या. त्यांवर आपले आक्षेप आहेत आणि या पानावर ते वेळोवेळी मांडले गेले आहेत. संपाचा अधिकार आवळणारे कलम कोणी विसरू नये. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. औद्योगिक संबंध संहितेत कामगाराची व्याख्या करताना श्रमिक पत्रकार आणि विक्रीवाढ कर्मचारी यांचा नावानिशी समावेश आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या मुलांसाठी ‘गिग कामगार’ ही संज्ञा आली. जेवण पोहोचवणारा कायद्याला दिसू लागला, ही त्यांच्या लढ्याची कमाई आहे. तीस सेकंदांच्या चढाईवर सात जणांच्या पकडीत स्वतःचे हाड घालणारा मात्र अजून कायद्याला दिसत नाही. तो ना पत्रकार, ना विक्रेता, ना गिग. तो म्हणे ‘कलाकार’! क्रिकेटमध्येही २०१९ साली संघटना स्थापन झाली ती निवृत्त खेळाडूंची. जे आज खेळतात त्यांची नाही. फुटबॉलपटूंची संघटना २००६ पासून आहे, एवढाच काय तो अपवाद. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाने खेळाडूंच्या बाजूने उभे राहावे म्हणावे, तर २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाला त्याच्यावर प्रशासक नेमावा लागला होता.

राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये वयोवृद्ध कुस्तीगीरांचे मानधन अडीच हजारांवरून साडेसात हजार करण्याची घोषणा केली. स्वागतार्ह आहे, पण मानधन हे खुषीचे असते, देणाऱ्याच्या हाताकडे पाहावे लागते. मागणी करायची ती वर्गणीवर आधारलेल्या निधीची. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली या राज्याने कायदा केला, तेव्हाही हेच सांगितले जात होते की ज्यांना एक मालक नाही त्यांना फंड कसा देणार? उत्तर सापडले. माल उचलणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याकडून मजुरीवर ठराविक टक्के आकार घेऊन मंडळात जमा करायचा आणि त्यातून फंड, दवाखाना, रजा द्यायची. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यासाठी जे जमले ते खेळाडूसाठी जमणार नाही असे म्हणणाऱ्याने कारण दाखवावे. लीगच्या प्रक्षेपण हक्कांवर, संघांच्या खर्चावर आणि गावच्या चषकांच्या बक्षीस रकमेवरही असा आकार बसवता येईल. एक लाखाच्या बक्षिसामागे पाच हजार बाजूला काढले तर कोणताही आमदार दरिद्री होणार नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती जे आहे त्याची सुरुवात आपल्यापासून करू. आपल्या पक्षाचे कार्यकर्तेही मंडळांच्या नावाने स्पर्धा भरवतात, हे उघड गुपित आहे. येत्या हंगामात ज्या स्पर्धेच्या पत्रकावर आपल्या कोणाचेही नाव असेल तेथे उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा प्रवेश शुल्काबरोबर आयोजकांनीच उतरवलेला असावा, आणि मैदानावर डॉक्टर नसेल तर पंचांनी शिट्टी वाजवू नये. शाहूवाडी आणि पन्हाळा तालुक्यांत गेल्या पाच हंगामांत कोणाचा गुडघा गेला, कोणाचा खांदा निखळला, उपचाराचा खर्च कोणी केला आणि तो मुलगा आज काय करतो, याची वही तालुका समित्यांनी दिवाळीपूर्वी तयार करावी. मलकापूर शहरातली नोंद करण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे आणि आतापर्यंत तीन तालमी व दोन मंडळे पाहून झाली आहेत.